वाढत्या मापाचं धनुष्य नको

जून उजाडला की शाळेचा गणवेश घेताना आपण मुलाच्या मापापेक्षा दोन बोटं मोठा घेतो. बाह्या दुमडतात, पँटला आतून टीप घालतात, पुढच्या वर्षी टीप उसवली की काम भागतं. काटकसरीच्या घरातलं हे शहाणपण आहे. पण हाच हिशेब धनुष्याला लावला की मुलाचा खांदा धरतो. मी अमरावती जिल्ह्यात शाळकरी मुलामुलींना तिरंदाजी शिकवते. दर हंगामात कुणी ना कुणी पालक माझ्यासमोर नवी कोरी पेटी उघडतात. आत २८ नाहीतर ३० पाउंडांचं धनुष्य असतं आणि शेजारी उभं असलेलं मूल सहावीतलं असतं. "मॅडम, पोट्टं वाढत्या अंगाचं आहे, दोन वर्षं तरी पुरेल," असं ते म्हणतात. पोटाला चिमटा काढून केलेली खरेदी असते ती, आणि हेतू मुलाच्या भल्याचाच असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते रिकर्व्ह धनुष्य. त्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात. आज मैदानावर वापरात असलेलं रिकर्व्ह तीन भागांत सुटतं. मधली मूठ म्हणजे रायझर, आणि तिच्या वर-खाली बसणारी दोन लवचिक पाती म्हणजे लिम्ब. सगळं सुटं करून पाठीवरच्या पिशवीत मावतं, म्हणून लोकांना ते सोयीचं वाटतं. पण त्याची खरी सोय निराळी आहे. धनुष्याचा सगळा जोर लिम्बमध्ये असतो. रायझर तोच ठेवून लिम्बची जोडी बदलली की धनुष्य हलकं किंवा जड होतं. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड होतो, त्यातलं बांबूचं धनुष्य अखंड असतं. मूल वाढलं की ते बाजूला ठेवून दुसरं घ्यावं लागतं. रिकर्व्हमध्ये तसं नाही. चांगला रायझर अनेक वर्षं चालतो, जोड्या मात्र वाढत्या वयात बदलायच्याच असतात. जी वस्तू बदलण्यासाठीच बनवली आहे, ती कायमची म्हणून विकत घेणं हा या सगळ्या गोंधळाचा उगम आहे.

लिम्बवर छापलेला आकडा आधी नीट समजून घ्यायला हवा. '६८ - २६' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, २५ इंची रायझरवर ही जोडी बसवली तर धनुष्य ६८ इंचांचं होईल आणि २८ इंच ओढलं तर बोटांवर २६ पाउंडांचा भार येईल. हे २८ इंच मोजायची रीतही ठरलेली आहे. पूर्ण ओढल्यावर बाणाच्या खाचेपासून मुठीतल्या सगळ्यात खोल बिंदूपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. सहावीतल्या मुलाची ओढ २८ इंच कुठून असणार? ती २४-२५ इंचांवर थांबते. हलक्या जोडीत दर इंचाला साधारण दीड पाउंडाचा फरक पडतो, जड जोडीत दोन किंवा त्याहून थोडा जास्त. शिवाय लहान मुलांना आपण २३ इंची रायझर देतो आणि आखूड रायझरवर तीच जोडी दीड-दोन पाउंडांनी जड होते. म्हणजे '२६'ची जोडी २५ इंच ओढणाऱ्या मुलाच्या बोटांवर २३च्या आसपास येते. हा सगळा झाला अंदाज. खरा आकडा कळतो तो बो-स्केलवर. दोरीला काटा अडकवायचा, मूल जितकं ओढतं तितकंच ओढायचं आणि वाचायचं. भाजीवाल्याकडे असतो तसला लटकता काटासुद्धा यासाठी चालतो. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत पाच-सहा धनुष्यं असतात, हा काटा मात्र नसतो.

वजन समजण्यासाठी आणखी एक हिशेब करून पाहा. ४० पाउंड म्हणजे १८ किलो. मोठ्यांच्या ऑलिम्पिक पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत ७० मीटरवरून ७२ बाण मारतात. ७२ वेळा १८ किलो ओढायचे म्हणजे जवळपास १,३०० किलो झाले, आणि प्रत्येक वेळी ओढून नेम स्थिर करायचा. सराव त्याहून कितीतरी मोठा असतो. हे वजन मांडीवर किंवा कमरेवर येत नाही. दोन खांद्यांच्या मागचे स्नायू आणि तीन बोटं ते पेलतात.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आनंद झाला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची संख्याही वाढली. पण त्याबरोबर एक गैरसमजही आला. ती दोघं कम्पाउंड धनुष्य मारतात. त्या धनुष्याला टोकांशी चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर भार एकदम उतरतो, बोटाशी थोडाच उरतो. त्यामुळे पन्नास-साठ पाउंडांचं कम्पाउंड धरून शांतपणे नेम साधता येतो. रिकर्व्हमध्ये ही सवलत नाही. जितकं जास्त ओढाल तितका भार वाढतो आणि नेमाच्या क्षणी तो सगळ्यात जास्त असतो. टीव्हीवर ऐकलेला कम्पाउंडचा आकडा मनात धरून रिकर्व्हची जोडी घेतली तर मुलावर अन्याय होतो.

झेपत नसलेलं धनुष्य ओळखायला प्रशिक्षकाची नजर लागतेच असं नाही. मैदानाच्या कडेला बसून आईलाही ते दिसेल. धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतो. कंबर मागे वाकते, पोट पुढे येतं. दोरी हनुवटीपर्यंत यायच्या ऐवजी मान दोरीकडे जाते. बाण सोडताना बोटं सैल पडत नाहीत, दोरी हिसकल्यासारखी सुटते. पुढे पुढे मूल नेम लागण्याआधीच बाण सोडायला लागतं, कारण तो भार उतरवायची त्याला घाई झालेली असते. ही घाई एकदा मनात बसली की ती काढायला फार काळ लागतो. चांगल्या हाताची मुलं या एका सवयीपायी खेळ सोडून गेलेली मी पाहिली आहेत. खांदेदुखी हा तर तिरंदाजांचा नेहमीचा त्रास आहे. वाढत्या वयात त्याला आमंत्रण कशाला द्यायचं?

सातवीतली एक मुलगी दुसऱ्या गावाहून माझ्याकडे आली. तिच्याकडे २८ची जोडी होती. तिचे बाण लक्ष्याच्या चारही बाजूंना जायचे, आणि तिला वाटायचं की आपली नजरच चांगली नाही. आमच्या प्रशिक्षण केंद्रातली १८ची जोडी मी तिच्या रायझरला लावून दिली आणि लक्ष्य दहा मीटरवर आणलं. पहिले काही दिवस ती रुसली होती, कारण बरोबरच्या मुली तीस मीटरवर मारत होत्या. पावसाळा संपेपर्यंत तिचे बाण मुठीएवढ्या जागेत जायला लागले. मग २०, मग २२. तिच्या नजरेत तेव्हाही काही दोष नव्हता, आताही नाही. आपल्या खांद्यांवर आपला ताबा असणं म्हणजे काय हे तिला पहिल्यांदा कळलं, इतकंच.

जोडी कधी चढवायची, यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. सरावाच्या शेवटी, मूल दमलेलं असताना, त्याला पूर्ण ओढून सावकाश पंधरापर्यंत मोजायला सांगायचं. खांदा जागेवर राहिला, हात थरथरला नाही, आणि शेवटचे बाण पहिल्या बाणांसारखेच सुटत असले तर दोन पाउंड वाढवायचे. चार नाही, दोनच. लिम्ब दोन-दोन पाउंडांच्या पायऱ्यांनीच मिळतात ते यासाठीच. त्यातही आधी लिम्बच्या बुडाशी असलेले बोल्ट थोडे आवळून बघायचे. चांगल्या रायझरवर या बोल्टांनी साधारण दहा टक्के भार कमी-जास्त होतो. म्हणजे २२ची जोडी आवळून २४च्या जवळ नेता येते आणि एक खरेदी काही महिने पुढे ढकलता येते. बोल्ट सैल करताना मात्र कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. फार सैल बोल्टमुळे ताणलेली लिम्ब जागेवरून निसटू शकते.

जोडी बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते घाईत करायचं काम नाही. दोरी उतरवायला स्ट्रिंगर वापरायचा. पाय मधे घालून धनुष्य वाकवण्याची जी मर्दानी पद्धत काही जण दाखवतात, तिने लिम्बला पीळ बसतो आणि तो पुन्हा जात नाही. वरची लिम्ब वर, खालची खाली. लांबी-पाउंडाचे आकडे बहुधा खालच्या लिम्बवर असतात. दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक लिम्ब घेऊन संसार जुळवायचा नाही, कारण कारखान्यात त्या एकमेकींना जोखून जोडलेल्या असतात. दोरी चढवल्यावर धनुष्य टेकवून मागून पाहायचं. दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. नंतर दोरी आणि मुठीतलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, मोजायचं. ६८ इंची धनुष्यात ते साडेआठ ते नऊ इंचांच्या दरम्यान ठेवतात आणि दोरीला पीळ देऊन किंवा काढून जुळवतात. टिलर, म्हणजे वरच्या आणि खालच्या लिम्बच्या बुडापासून दोरीपर्यंतच्या अंतरांतला फरक, तोही नोंदवून ठेवायचा. वरचं अंतर बहुधा काही मिलिमीटर जास्त असतं. हे आकडे वहीत लिहिणारं मूल पुढे स्वतःचं धनुष्य स्वतः सांभाळतं. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडून पाहायची नाही. तो सगळा जोर मग लिम्बमध्येच फुटतो.

आमच्या विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी सांगते. लिम्ब म्हणजे लाकूड किंवा फोमचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास किंवा कार्बनचे चिकटवलेले थर. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात बंद गाडीत धनुष्य राहिलं तर हे थर सुटायला लागतात. वरून काही दिसत नाही. लिम्बच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा, तो कुठे अडकला तर तिथे चीर आहे असं समजा. ती जोडी त्याच दिवसापासून बंद. ताणलेली लिम्ब मुलाच्या चेहऱ्यापासून फार लांब नसते.

बाणांचा प्रश्न तर दुकानदारही अनेकदा टाळतात. जोडी एकदम बरीच चढवली की जुने बाण बहुधा चालत नाहीत. बाण सुटताना वाकतो आणि सरळ होतो, त्याचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो. २८ इंचांच्या दोन टेकूंवर बाणाची दांडी ठेवून मधोमध १.९४ पाउंडांचं वजन टांगायचं आणि ती किती झुकते ते पाहायचं. एक इंच झुकली तर स्पाइन १,०००, अर्धा इंच झुकली तर ५००. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. हलक्या धनुष्याला १,०००च्या आसपासचा मऊ बाण लागतो, ४० पाउंडांना त्याहून बराच ताठ. वडिलांनी एकदम ३०ची जोडी आणली की जुने बाणही निकामी होतात आणि खर्च दुप्पट होतो. पायरीपायरीने गेलं तर बाणांचा एक संच दोन-तीन पायऱ्या सोबत करतो, कारण बाणाची लांबी आणि टोकाचं वजन बदलून थोडं जुळवून घेता येतं.

खरेदीला निघालेल्यांना एवढंच सांगेन की आयएलएफ जोडणीचा रायझर घ्या. होयट कंपनीच्या रचनेतून आलेली ही जोडणी आता बहुतेक कंपन्या वापरतात, त्यामुळे एकाचा रायझर आणि दुसऱ्याची लिम्ब सहज बसते. होयटचीच फॉर्म्युला नावाची जोडणी मात्र वेगळी आहे, ती यात बसत नाही. हौशी लाकडी धनुष्यांची स्क्रूने आवळायची लिम्बही ज्या त्या मॉडेलपुरतीच असते. जुनी जोडी स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायची आणि घरी आल्यावर ती बसतच नाही, हे टाळता येतं. लांबीचं गणित सोपं आहे. २५ इंची रायझरवर आखूड, मध्यम आणि लांब लिम्ब लावून ६६, ६८ आणि ७० इंचांचं धनुष्य होतं, २३ इंचीवर ६४, ६६ आणि ६८. ओढ जितकी लांब तितकं धनुष्य लांब हवं, नाहीतर दोरीचा कोन बोटं आवळतो. कार्बनची महागडी जोडी पहिल्या दोन-तीन वर्षांत लागतच नाही.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की हलक्या जोडीने बाण पोचत नाही, आणि मोठ्या स्पर्धेला जड धनुष्य लागतंच. दुसरं म्हणणं खरं आहे. ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचं लक्ष्य असतं, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. वारा असताना जोरकस बाण सरळ जातो, म्हणून मोठे पुरुष तिरंदाज पंचेचाळीस-पन्नास पाउंडांपर्यंत ओढतात. साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेने २०२३मध्ये लिमरिकला २१ वर्षांखालच्यांचं रिकर्व्हचं जगज्जेतेपद मिळवलं. असं करणारा तो पहिला भारतीय मुलगा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. आपल्या मातीत ७० मीटरचे तिरंदाज तयार होतात, यात शंका नाही. पण तो जोर शेवटच्या पायरीवरचा आहे. बाण पोचत नसेल तर लक्ष्य पुढे आणा. दहा मीटरवर बाण एका जागी जात नसतील तर तीस मीटरवर ते कसे जातील? वयोगटाच्या स्पर्धेत अंतर ठरलेलं असतं हे मलाही माहीत आहे. त्या एका स्पर्धेसाठी मुलाचे खांदे गहाण टाकायचे की ती स्पर्धा एक वर्ष पुढे ढकलायची, हे प्रशिक्षकाने पालकांसमोर स्पष्ट बोललं पाहिजे. पदकाच्या ओढीपायी आमच्यातले काही जण ते बोलत नाहीत, याचा मला राग येतो.

खर्चाचा मुद्दा मात्र मी मोडीत काढणार नाही. मजुरी करणाऱ्या, दोन एकर संत्र्याच्या बागेवर जगणाऱ्या घराने वर्षातून दोनदा लिम्ब घ्यावी असं कुठल्या तोंडाने सांगू? 'दोन वर्षं पुरेल' हे वाक्य त्या अडचणीतून येतं, हौसेतून नाही. म्हणून हा भार घरावर टाकूच नये. अनुदानातून केंद्रांना साहित्य येतं तेव्हा मी बघते, सहा धनुष्यं आली तर सहाही एकाच पाउंडाची असतात. यादी करणाऱ्याने एकच आकडा सहा वेळा लिहिलेला असतो. मग चौथीतलं पोर आणि दहावीतलं पोर एकाच जोडीला झटतात. त्याऐवजी रायझर कमी आणि जोड्या जास्त घेतल्या, १६ पाउंडांपासून ३४ पर्यंत दोन-दोनच्या पायऱ्यांनी, तर दहा जोड्यांत अख्ख्या तालुक्याची मुलं पायरी चढू शकतात. मुलाने जोडी न्यावी, वहीत सही करावी, झेपेनाशी वाटली तर एक पायरी खाली उतरावं, लहान पडली की परत करून वरची घ्यावी. ग्रंथालयात पुस्तकं फिरतात तशा त्या फिरतील. एका उंची कार्बन जोडीच्या किमतीत प्राथमिक दर्जाच्या कितीतरी जोड्या येतात. पालकांनीही मुलाची लहान पडलेली जोडी माळ्यावर टाकू नये, केंद्राला द्यावी.

क्रीडा साहित्याची यादी करणाऱ्या अधिकाऱ्यांना, मुख्याध्यापकांना आणि क्लबच्या मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या मागणीपत्रात एकाच पाउंडाची धनुष्यं मागवू नका. आयएलएफ रायझर, पायरीपायरीच्या जोड्या, दोन स्ट्रिंगर आणि एक बो-स्केल एवढं लिहा. आणि पालकहो, दुकानात जाण्याआधी मुलाला जवळच्या मैदानावर न्या, त्याची ओढ मोजून घ्या, आणि जी जोडी ते सरावाच्या शेवटीही सहज ओढेल तीच घ्या.